शिकलेलं पिल्लू पुन्हा घरात शू करायला लागलं, तर

कुत्र्याचं पिल्लू तीन आठवडे अगदी शहाण्यासारखं बाहेर जाऊन शू करतं. आपण गुंडाळून ठेवलेला गालिचा परत अंथरतो, रात्रीचा गजर बंद करतो, चार लोकांना 'आमचं शिकलं हो' असं सांगूनही टाकतो. मग एका सकाळी अनवाणी पायाला काहीतरी कोमट लागतं.

आमच्या चिंगीने हा प्रकार तीनदा केला: चौथ्या महिन्यात, सातव्या महिन्यात आणि चांगली दीड वर्षांची घोडी झाल्यावर. घोडी म्हणजे वजन चार किलो. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, आणि पहिल्या दोन्ही वेळा मी भलतंच कारण धरून बसले होते. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. 'शिकवलेलं विसरलं' ही तक्रार एकच दिसते, पण तिच्याखाली पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी असतात. एकीचा उपाय दुसरीला लावला की महिना वाया जातो.

आधी डाग वाचा

बादली-फडकं आणण्याआधी अर्धा मिनिट थांबून बघा. शू किती आहे, कुठे आहे आणि कधी झाली? भलं मोठं डबकं म्हणजे मूत्राशय भरलं आणि पिल्लाला थांबवेना, वेळापत्रक चुकलं. दिवसभरात ठिकठिकाणी चमचा-दोन चमचे म्हणजे आजाराची शंका. टेबलाच्या पायावर, सोफ्याच्या कोपऱ्यावर, भिंतीवर वीतभर उंचीला थोडीशी, ही खूण करण्याची सवय. दाराशी, तुम्ही आत आल्याबरोबर, हा भावनेचा मामला. झोपलेल्या जागी ओलं आणि कुत्र्याला त्याची गंधवार्ता नाही, ही गळती.

एक कागद फ्रिजवर चिकटवा आणि चार दिवस नोंद करा: खाल्लं कधी, प्यायलं साधारण किती, झोपून उठलं कधी, बाहेर काय केलं, घरात काय केलं. कंटाळवाणं काम आहे, पण घरातल्या प्रत्येकाच्या आठवणीत वेगळीच गोष्ट असते. 'मी नेलं होतं की दुपारी!' यातली दुपार म्हणजे बाराही असते आणि चारही. आमच्याकडे कागद लागल्यावर कळलं की पाच ते आठ या वेळात तिला कोणीच नेत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने नेलं असेल.

वेळेचा ढोबळ हिशोब असा: पिल्लाच्या वयाचे जेवढे महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास ही दिवसाची कमाल मर्यादा. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास. ही मर्यादा शांत बसलेल्या पिल्लाची आहे, आणि लहान जातींच्या बाबतीत ती आणखी खाली धरावी. जागं, खेळणारं, पाणी प्यायलेलं छोटं पिल्लू पाऊण तासातही भरून येतं. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत आणि दंगामस्ती ऐन रंगात असताना, या तीन वेळा न्यायचंच. खेळता खेळता पिल्लू अचानक जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, तर तुमच्याकडे दहा सेकंद आहेत.

डॉक्टरकडचं काम आधी उरका

सातव्या महिन्यात चिंगी दर अर्ध्या तासाने दारापाशी जायची, बाहेर दोन थेंब टाकायची, आत येऊन परत दोन थेंब. मी म्हटलं, वयात येते आहे, हट्ट करते आहे. आठवडाभर मी तिला आणखी कडक वेळापत्रकात बसवत होते. लघवीत गुलाबी छटा दिसली तेव्हा डोळे उघडले. मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला होता. औषध सुरू झाल्यावर हट्ट नाहीसा झाला.

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा लघवीच्या तपासणीचा. वारंवार आणि थोडी थोडी शू, कुंथणं, रक्त, नेहमीपेक्षा उग्र वास, मागची जागा सारखी चाटणं, यातलं काहीही दिसलं तर शिकवणं बाजूला ठेवा. संसर्ग माद्यांमध्ये जास्त होतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. शिह त्झू, बिशॉन फ्रीझ, मिनिएचर श्नाउझर, यॉर्कशायर टेरिअर अशा छोट्या जातींमध्ये मूतखड्याचं प्रमाण अधिक आढळतं. त्याचीही लक्षणं सुरुवातीला अशीच असतात. नर कुत्रा पाय वर करून ताटकळत उभा आहे, कुंथतो आहे आणि काहीच येत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नका. मार्ग अडलेला असू शकतो आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

जन्मापासून सतत ठिबकणारी, कायम ओली असणारी मादी पिल्लं असतात. त्यांच्यात मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात न उघडता चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. त्यांना बाहेर नेऊन नेऊन तुम्ही दमाल, पिल्लाच्या हातात काहीच नसतं. नसबंदी झालेल्या मादीच्या झोपेत गळती होत असेल, तर त्यावर औषधं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. खाजेसाठी वगैरे प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड सुरू केलं असेल, तर तहान आणि शू दोन्ही वाढणारच. तेवढे दिवस फेऱ्या वाढवायच्या.

पाणी मोजणं सोपं आहे. सकाळी भांड्यात मोजून घाला, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. किलोमागे दिवसाला 100 मिलीपेक्षा जास्त जात असेल, म्हणजे तीन किलोच्या कुत्र्याला 300 मिलीच्या वर, तर ते जास्त आहे आणि डॉक्टरांना सांगायला हवं. वयस्कर कुत्र्यात यामागे मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. शू कमी व्हावी म्हणून दिवसा पाण्याचं भांडं उचलून ठेवण्याची युक्ती मात्र कोणी सांगितली तरी करू नका. जेवण कमी करण्याचीही नाही. चिवावासारख्या अगदी छोट्या जातींची पिल्लं उपाशी राहिली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू लुळं पडतं, थरथरतं, झटकेही येऊ शकतात. अशा पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं आणि त्यामागे तेवढ्या फेऱ्या ओघानेच आल्या.

बाहेर वीस मिनिटं काही नाही, आत येताच केली

सर्वांत जास्त चिडचीड यानेच होते, आणि यात दोष बहुधा आपला असतो. चिंगीचं दीड वर्षांचं प्रकरण हेच होतं. मी घाईत असायचे. तिने शू केली रे केली की वळून घरी. चार दिवसांत तिच्या लक्षात आलं की शू केली की मजा संपते. मग ती ताणून धरायला लागली: हुंगायचं, पानं उलटीपालटी करायची, बाकी सगळं करायचं, शू सोडून. घरात आलं की धरवायचं नाही.

उपाय उलट्या क्रमाचा आहे. बाहेर पडल्यावर आधी एका ठरलेल्या जागी उभं राहायचं, पट्टा आखूड धरायचा आणि दगडासारखं निरस व्हायचं. शू झाली की त्याच क्षणी, त्याच जागी खाऊचा तुकडा आणि शाबासकी, आणि खरी भटकंती त्यानंतर. खाऊ घरात आल्यावर दिलात तर पिल्लाच्या हिशोबी तो दारातून आत येण्याबद्दल मिळतो. शू करत असताना हळू आवाजात एकच शब्द म्हणत गेलात, तर काही आठवड्यांनी तो शब्द ऐकून पिल्लाला आठवण होते. आमचा शब्द मी इथे लिहिणार नाही. चारचौघांत म्हणायला लाज वाटणार नाही असा निवडा, एवढंच सांगते.

पाच-सात मिनिटांत काही झालं नाही, तर आत या, पण पिल्लाला मोकळं सोडू नका. कडेवर किंवा छोट्या पट्ट्याने स्वतःला बांधून दहा मिनिटं ठेवा आणि परत न्या. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. शिवाय बरीच पिल्लं दोन टप्प्यांत शू करतात. पहिली झाल्यावर मिनिटभर रेंगाळू द्या.

पाऊस पडला की घरात डाग, हेही छोट्या कुत्र्यांचं खास दुखणं. त्यांचं पोट जमिनीपासून चार बोटांवर असतं, ओलं गवत थेट पोटाला लागतं. छत्री, अंगावर कोट, किंवा आडोशाची एखादी कोरडी जागा शोधून ठेवणं, यावर भागतं. ओढत नेऊ नका. पुढच्या पावसात ते दारातच बसकण मारेल.

पायपुसणं, पॅड आणि पायाखालचा पोत

चौथ्या महिन्यात चिंगी फक्त न्हाणीघराबाहेरच्या पायपुसण्यावर करायची. मला वाटलं वासामुळे. मी ते धुतलं, बदललं, नवं आणलं; नव्यावरही केली. नंतर लक्षात आलं की तिला आम्ही आणलं तेव्हा ती पॅडवर शिकलेली होती, आणि पॅड व पायपुसणं दोन्ही पायाला सारखीच: चौकोनी, मऊ, शोषून घेणारी. तिच्या बाजूने ती नियम पाळतच होती!

पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली की झोपायची जागा सोडून थोडं दूर जाऊन करायला लागतात आणि दोन-अडीच महिन्यांपर्यंत पायाखाली काय असतं त्याची आवड पक्की होत जाते. म्हणून पॅडवर वाढलेल्या पिल्लाला गवत म्हणजे संडास हे आपोआप कळत नाही. घरातले सगळे मऊ चौकोन काही आठवडे उचलून ठेवा. पॅड हवाच असेल, तर तो कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे तो इतर मऊ वस्तूंपेक्षा वेगळा कळतो. बाहेर न्यायचं असेल, तर पॅड रोज हात-दोन हात दाराकडे सरकवा, मग दाराबाहेर, मग त्यावर थोडी माती किंवा गवत, आणि हळूहळू पॅड लहान करत जा. लसींचा पहिला क्रम पूर्ण व्हायचा असेल, तर अनोळखी कुत्रे येतात तिथली जमीन टाळा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तोवर माती किंवा गवत भरलेला ट्रे गॅलरीत ठेवला की पोत शिकवून होतो आणि धोकाही नाही.

उलट प्रकारही असतो. पिंजऱ्यात घाणीतच वाढलेल्या पिल्लांची 'झोपायची जागा स्वच्छ ठेवायची' ही उपजत ओढ बोथट झालेली असते. अशा पिल्लाला क्रेटमध्ये, म्हणजे झोपण्यापुरत्या बंद पिंजऱ्यात, ठेवून 'आपोआप धरेल' ही अपेक्षा करू नये; ते त्यातच करेल आणि त्यातच झोपेल. त्याला मोठा पेन, म्हणजे जाळीच्या कुंपणाची मोकळी जागा लागते, एका बाजूला बिछाना, दुसऱ्या टोकाला ट्रे.

पुसण्यातली चूक

फिनाईलचा वास आपल्यासाठी असतो. कुत्र्याचं नाक त्याच्याखालचा मूळ वास काढतंच, आणि फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटातही ते जातं. अमोनिया असलेली द्रव्यं तर उलटीच: लघवीचा वास त्याच जातीचा. ब्लीच ताज्या लघवीवर ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्रासदायक वायू तयार होतो.

आधी कोरड्या फडक्याने दाबून टिपून घ्यायचं, घासायचं नाही; घासलं की पसरतं. मग थोडं साधं पाणी, परत टिपणं, आणि त्यावर एन्झाइमवाला क्लीनर, म्हणजे वासाचं मूळच तोडणारं द्रव्य. इथे बहुतेकांचं चुकतं: फवारलं आणि पुसलं. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलंच राहिलं पाहिजे. गादी किंवा गालिचा असेल, तर लघवी जेवढी खोल गेली तेवढं खोल ते जायला हवं. जुने डाग सापडत नसतील, तर रात्री दिवे मालवून अतिनील टॉर्च फिरवा. बघायचं धैर्य असेल तरच. मी पडद्याची खालची किनार बघितली आणि दुसऱ्या दिवशी पडदे आखूड करून घेतले.

आनंदाने, भीतीने, आणि खूण म्हणून

तुम्ही दारातून आत आलात, पिल्लू शेपटी हलवत, अंग चोरत आलं, पोट दाखवलं आणि शू सांडली. हे शिक्षणाचं अपयश नाही. त्याच्यासमोर वाकून, दोन्ही हात पुढे करून, डोळ्यांत बघून लाड केले की हे वाढतं. रागावलं तर आणखीनच वाढतं, कारण ही शू 'मला मारू नका' अशा अर्जासारखी असते. आल्यावर पहिली दोन मिनिटं दुर्लक्ष करा, मग बाजूला वळून खाली बसा, डोक्याऐवजी हनुवटीखाली खाजवा, पाहुण्यांना दाराबाहेरच भेटवा. बहुतेक पिल्लांचं वर्षभरात सुटतं.

खूण करणं वेगळं. साधारण सहा महिन्यांनंतर, उभ्या वस्तूवर, थोडीशी. मादीही करते, विशेषतः माजावर येताना. नसबंदीने नरांमध्ये ते पुष्कळदा कमी होतं, पण वर्षानुवर्षांची सवय नुसत्या शस्त्रक्रियेने जाईलच असं नाही. नवीन पिशवी, पाहुण्याची बॅग, नवीन कुत्रा ही ठरलेली निमित्तं. बॅग जमिनीवर ठेवू नका. नराच्या पोटाला बांधायचा, शू शोषणारा पट्टा सोफा वाचवतो, सवय मोडत नाही, आणि ओला तसाच राहिला तर कातडी सोलवटते.

घरी कोणी नसतानाच होत असेल, सोबत भुंकणं, लाळ, दार ओरबाडणं असेल, तर तो एकटेपणाचा त्रास आहे. त्याला शूचं वेळापत्रक लावून उपयोग नाही. एकटं राहण्याची सवय मिनिटामिनिटाने लावावी लागते.

ओरडण्याबद्दल

'त्याला कळतं, बघा कसा चोरासारखा तोंड करून बसलाय.' हे वाक्य मीही म्हटलंय. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्यांचा तो अपराधी चेहरा गुन्हा केला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावतोय की नाही यावर होता. काहीही न केलेली कुत्रीही रागावल्यावर तसाच चेहरा करत होती. डबक्याजवळ नेऊन नाक घासलं, तर पिल्लू एकच गोष्ट शिकतं: या माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि बाहेर पट्ट्याला बांधलेलं असताना तुमच्यासमोर करतच नाही. करताना रंगेहाथ सापडलंच, तर हलकीशी टाळी, पटकन उचला आणि बाहेर. उरलेली तिथे झाली तर खाऊ द्या. नंतर सापडलं तर पुसा आणि गप्प बसा.

पंधरा दिवस मागे

आजार नाही हे कळल्यावर पिल्लाला सरळ पहिल्या आठवड्यात नेऊन ठेवायचं, मग ते कितीही मोठं झालेलं असो. घरभर फिरणं बंद. एकतर तुमच्या नजरेसमोर पट्ट्याने बांधलेलं, नाहीतर पेनमध्ये, नाहीतर बाहेर. बाहेर शू झाल्यानंतर वीस-तीस मिनिटं एका खोलीत मोकळीक, मग परत पट्टा. पंधरा दिवस एकही डाग नाही, तर खोली एकाची दोन. तिसरी खोली आणखी पंधरा दिवसांनी. कुत्र्याच्या डोक्यात 'घर' नावाची एक वस्तू नसते. बैठकीची खोली शिकली म्हणजे पाहुण्यांची खोली शिकली असं होत नाही. घर बदललं, तर तेही पहिल्यापासून. रात्री झोपण्याच्या अगदी आधी शेवटची फेरी, आणि चार महिन्यांखालच्या पिल्लासाठी मध्यरात्री एक गजर. तेव्हा दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही.

डॉक्टरांनी लघवीचा नमुना मागितला, तर तो सकाळच्या पहिल्या शूचा घ्या, स्वच्छ कोरड्या डबीत, आणि दोनेक तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. अडचण अशी की चार किलोची मादी इतकी खाली बसते की तिच्याखाली डबी जातच नाही. बरणीचं उथळ झाकण घ्या, मागून सरकवा, आणि ती सुरू झाल्यावरच. आधी सरकवलंत तर ती उठून झाकण हुंगत बसेल. मला तीन सकाळ लागल्या. आणि ते झाकण नंतर स्वयंपाकघरात परत ठेवू नका.